व्हीआर प्रशिक्षण: एका खोलीतून हजार हेडसेटपर्यंत टिकणारी सॉफ्टवेअर रचना

व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) प्रशिक्षणाचा डेमो बनवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. युनिटी किंवा अनरिअलसारखं गेम इंजिन घ्यायचं, एक यंत्र उभं करायचं, हातात पाना द्यायचा, झालं. खरी कसरत बाराव्या धड्याला, तिसऱ्या प्रकारच्या हेडसेटला आणि एकाच वेळी सुरू होणाऱ्या चाळीस वर्गांना लागते. प्रणाली वाढते ती याच तीन दिशांनी: एकावेळी शिकणारे, धड्यांची संख्या आणि उपकरणांचे प्रकार. बहुतेक टीम पहिल्या दिशेची तयारी करतात, कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणारी व्यवस्था) वगैरे आधीच मांडून ठेवतात आणि मार खातात दुसरीत. कारण प्रत्येक धडा म्हणजे नव्याने लिहिलेला कोड, अशी सुरुवात झालेली असते. म्हणून खालच्या क्रमात सर्व्हर मुद्दाम उशिरा येतो.

१. आधी आकडे कागदावर

हेडसेट ७२ हर्ट्झवर चालत असेल तर एका फ्रेमला १३.९ मिलिसेकंद मिळतात, ९० वर ११.१ आणि १२० वर ८.३. यातला काही वेळ कंपोझिटर, म्हणजे अंतिम चित्र पडद्यावर मांडणारा हेडसेटचा प्रोग्रॅम, खातो, म्हणून ७२ हर्ट्झसाठी अ‍ॅपचं लक्ष्य ११ ते १२ मिलिसेकंद धरा. सीपीयू आणि जीपीयू (चित्र काढणारा प्रोसेसर) दोन्हींना हीच मर्यादा. डोकं हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ २० मिलिसेकंदांच्या आसपास राहायला हवा. त्यापुढे गेलं की चक्कर आणि मळमळ सुरू होते आणि शिकणारा दहाव्या मिनिटाला हेडसेट काढून ठेवतो.

ठरवलेल्या हेडसेटपैकी सर्वांत कमजोर कोणता, ते लिहा आणि सगळं बजेट त्याच्यावर बेता. स्वयंपूर्ण, म्हणजे पीसीशिवाय चालणाऱ्या हेडसेटसाठी सुरुवातीला दृश्यामागे १५० ड्रॉ कॉल (जीपीयूला दिलेल्या चित्र काढण्याच्या आज्ञा) आणि मॉडेल ज्यांनी बनतं असे तीन-चार लाख त्रिकोण धरून चाला. मोजमाप हाती आलं की आकडे हलवा. दोन्ही डोळ्यांसाठी दृश्य दोनदा न पाठवता एकदाच पाठवणारं मल्टिव्ह्यू रेंडरिंग पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. नंतर चालू केलं की तोवर लिहिलेले निम्मे शेडर (पृष्ठभाग रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) एकाच डोळ्यात दिसू लागतात.

२. चार थर, अवलंबन एकाच दिशेने

सर्वांत खाली उपकरण-थर. इथे ओपनएक्सआर वापरा. ख्रोनोस गटाचं हे मानक २०१९ मध्ये १.० म्हणून आलं, १.१ आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि मुख्य हेडसेट त्यावर चालतात. त्याचा खरा फायदा इनपुटच्या पद्धतीत आहे. अ‍ॅपने ‘उजव्या कंट्रोलरचं अमुक बटण’ विचारायचं नाही. ‘पकड’, ‘वापर’, ‘निर्देश’ अशा क्रिया जाहीर करायच्या. कोणत्या उपकरणावर कोणतं बटण, हे जोडणीच्या प्रोफाइलमध्ये राहतं. हातांच्या मागोव्यावर चालणारं हेडसेट पुढे आलं तर फक्त नवी प्रोफाइल लिहावी लागते.

त्यावर दृश्य-थर: मॉडेल, आवाज, अ‍ॅनिमेशन. मग सिम्युलेशन-थर: झडप किती उघडी, दाब किती, ब्रेकर चालू की बंद. आणि सर्वांत वर धडा-थर: काय करायचं, कोणत्या क्रमाने, चूक कशाला म्हणायचं.

नियम एकच, पण कडक: सिम्युलेशन आणि धडा या दोन थरांना इंजिनचा एकही वर्ग माहीत असता कामा नये. ते साध्या सी-शार्प किंवा सी++ लायब्ररीत लिहा. दृश्य-थर सिम्युलेशनकडे पाहतो, सिम्युलेशन दृश्याकडे कधीच नाही. हे पाळलं जातंय की नाही, याची कसोटी सोपी आहे. हेडसेट नाही, ग्राफिक्स कार्ड नाही अशा बिल्ड सर्व्हरवर अख्खा धडा आज्ञांच्या यादीवरून पहिल्यापासून शेवटपर्यंत चालला पाहिजे, तोही काही सेकंदांत. चालत नसेल तर थर फक्त फोल्डरच्या नावात आहेत.

३. धडा हा डेटा असतो, कोड नव्हे

संपूर्ण लेखातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा, म्हणून इथे एक उदाहरण जवळून पाहू. पंपाच्या दुरुस्तीआधी वीज तोडून कुलूप आणि टॅग लावण्याचा धडा आहे. नवखी टीम तो असा लिहिते: हात ब्रेकरच्या कोलायडरमध्ये (वस्तूभोवतीच्या अदृश्य स्पर्शक्षेत्रात) शिरला की पायरी १ पूर्ण, कुलूप खाचेला टेकलं की पायरी २ पूर्ण. डेमोत हे छान चालतं. मग एखादा अनुभवी तंत्रज्ञ हेडसेट घालतो, सूचना यायच्या आधीच ब्रेकर पाडतो आणि धडा कायमचा अडकतो. पायरी १ सुरू होण्यापूर्वीच तिचा प्रसंग घडून गेलेला असतो.

म्हणून पायऱ्या हालचालींवर नव्हे, तथ्यांवर बांधा. सिम्युलेशन-थर तथ्यांची यादी जाहीर करतो आणि धडा फक्त ती यादी वाचतो:

पायरी: कुलूप लावणे
पूर्वअट: ब्रेकर = बंद
पूर्ण केव्हा: कुलूप = लावलेले आणि टॅगवर नाव = भरलेले
कायम राहायला हवे: ब्रेकर = बंद
गंभीर चूक: कुलूप नसताना पंपाचे झाकण = उघडे
मदत: ४० सेकंदांनंतर आवाजी सूचना, ९० सेकंदांनंतर वस्तू उजळणे

‘कायम राहायला हवे’ ही ओळ बहुतेक रचनांमध्ये नसते आणि नेमकी तीच नडते. शिकणाऱ्याने नंतर कुलूप काढलं तर आधी ‘पूर्ण’ झालेली पायरी पुन्हा अपूर्ण व्हायला हवी. अर्थात तथ्यांवरही सगळं भागत नाही. वीज खरोखर गेली का, हे तपासताना टेस्टर आधी चालू असलेल्या स्रोतावर तपासायचा, मग बंद केलेल्या सर्किटला लावायचा आणि शेवटी पुन्हा चालू स्रोतावर पडताळायचा, कारण मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर ‘शून्य’ वाचन फसवं ठरतं. इथे शेवटची स्थिती काहीच सांगत नाही. तीन घटनांचा क्रम लागतो. त्यामुळे तथ्यांसोबत घटनांची नोंदवहीही ठेवा आणि अटींच्या भाषेत ‘अ नंतर ब नंतर अ’ असं म्हणायची सोय करा. एवढ्या दोन साधनांवर बहुसंख्य कार्यपद्धतींचे धडे उभे राहतात.

पायऱ्यांची सरळ रांग करू नका, जाळं करा. दोन झडपा कोणत्याही क्रमाने बंद केल्या तरी चालत असेल तर धड्यानेही ते चालवून घ्यावं. उगाच लादलेला क्रम शिकणाऱ्याला कामाऐवजी सॉफ्टवेअरची मर्जी शिकवतो.

ही धड्याची फाइल जेसन किंवा यामल या साध्या मजकूर-स्वरूपात ठेवा, तिला स्कीमा (रचनेचे नियम) द्या आणि बिल्डच्या वेळी तीन गोष्टी आपोआप तपासा: फाइलमधलं प्रत्येक तथ्य सिम्युलेशनमध्ये आहे का, प्रत्येक पायरीपर्यंत पोहोचता येतं का, आणि प्रत्येक सूचनेचा मजकूर नि आवाज हव्या त्या सर्व भाषांत आहे का. विषयतज्ज्ञाला प्रोग्रॅमरशिवाय धडा बदलता येतो तो याच टप्प्यावर. दृश्य-संपादक साधन त्यानंतर बांधा. आधी बांधलं तर फाइलची रचना बदलली की संपादकही मोडतो.

४. एकाच खोलीत अनेक जण

नेटवर्कवरची माहिती एकाच नळातून सोडू नका. तिचे चार स्वभाव आहेत.

डोकं आणि दोन हात यांची जागा सतत बदलते. एखादं पॅकेट हरवलं तरी पुढचं येतंच. ती यूडीपीवर, पोचपावतीशिवाय, सेकंदाला २० वेळा पाठवा. कच्च्या फ्लोटमध्ये (४ बाइटच्या दशांश संख्येत) एका सांध्याला २८ बाइट लागतात: जागेचे १२, दिशेचे १६. तिन्हींचे ८४. ६४ मीटरच्या खोलीत प्रत्येक अक्षाला १६ बिट दिले तर साधारण १ मिलिमीटरची अचूकता मिळते, म्हणजे जागेला ६ बाइट. क्वाटर्निअनचा (दिशा सांगणाऱ्या चार संख्यांचा) सर्वांत मोठा घटक सोडून उरलेले तीन प्रत्येकी १० बिटांत आणि कोणता सोडला ते २ बिटांत, असे ४ बाइट. एकूण ३० बाइट. १६ जणांच्या खोलीत प्रत्येकाला इतर १५ जणांचे मिळून सेकंदाला ९,००० बाइट, म्हणजे सुमारे ७२ किलोबिट. हेच कच्च्या स्वरूपात ७२ हर्ट्झने पाठवलं तर सुमारे ७२६ किलोबिट होतात. पॅकेटचे हेडर वेगळे. म्हणून सर्वांची माहिती एकाच पॅकेटमध्ये बांधा आणि पॅकेट १,२०० बाइटच्या आत ठेवा.

समोरच्याचा हात दाखवताना १०० मिलिसेकंद मागे राहून दोन नोंदींच्या मधली जागा काढा. ५० मिलिसेकंदांनी नोंद येत असल्याने एक पॅकेट हरवलं तरी हात झटका खात नाही.

जगाची स्थिती, म्हणजे ब्रेकर आणि झडपा, बदलेल तेव्हाच आणि खात्रीच्या मार्गाने जाते. तिचा मालक सर्व्हर, कायम. क्लायंट विनंती करतो, सर्व्हर ठरवतो. फिजिक्स प्रत्येक हेडसेटवर स्वतंत्र चालवून निकाल सारखा येईल, अशी आशा धरू नका. वेगवेगळ्या प्रोसेसरवर आणि फ्रेमदरांवर तो हळूहळू फाटत जातो आणि पाचव्या मिनिटाला एकाला पाना टेबलावर दिसतो, दुसऱ्याला जमिनीवर.

पकडलेल्या वस्तूंचं गणित निराळं. सर्व्हरच्या होकाराची वाट पाहिली तर वस्तू हाताला उशिरा चिकटते आणि सगळा आभास जातो. म्हणून पकडताक्षणी ती स्थानिक पातळीवर हातात द्या, सोबत मालकीची विनंती पाठवा. नकार आला, म्हणजे दुसऱ्याने क्षणभर आधी उचलली होती, तर ती २०० मिलिसेकंदांत अलगद त्याच्या हातात सरकवा. टुणकन गायब करू नका. मालकाचं नेटवर्क तुटलं तर मालकी सर्व्हरकडे परत जाते. ही ओळ लिहायची राहिली की एकमेव टेस्टर गायब झालेल्या माणसाच्या हातात अडकून बसतो आणि वर्ग थांबतो.

आवाज पूर्णपणे वेगळा ठेवा. ओपस कोडेक (आवाज दाबून पाठवण्याची पद्धत), २० मिलिसेकंदांची चौकट, बोलण्यासाठी २४ किलोबिट पुरतात. मधला सर्व्हर आवाज मिसळत नाही, फक्त पुढे पाठवतो. दिशा आणि अंतर हेडसेटवरच लावलं जातं. एकावेळी तीन-चार मोठे आवाजच पुढे सोडा, प्रशिक्षकाचा मात्र नेहमी.

लष्करी किंवा औद्योगिक सिम्युलेटरशी जोडायचं असेल तर तिथे आयईईई १५१६ हे एचएलए आणि आयईईई १२७८ हे डीआयएस अशी सिम्युलेटर एकमेकांना जोडणारी दोन मानकं भेटतील. त्यांच्यासाठी सीमेवर दुभाषी सेवा लिहा. ती रचना आपल्या गाभ्यात घेऊ नका.

५. सर्व्हर: खोली नश्वर, नोंद टिकाऊ

दोन भाग करा. नियंत्रण भागात लॉगिन, वेळापत्रक, कोणती तुकडी कुठे, धड्यांची यादी. ही साधी वेब सेवा, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. दुसरा भाग खोल्यांचा: एक खोली म्हणजे एक प्रक्रिया, वर्ग सुरू झाला की जन्मते, संपला की मरते. सिम्युलेशन इंजिनपासून वेगळं ठेवलेलं असल्याने ही प्रक्रिया हलकी राहते. खोल्या कुबरनेटिसवर चालवायच्या असतील तर अ‍ॅगोनिस हे मुक्त स्रोत साधन पाहा. ते मुळात मल्टिप्लेअर गेमच्या सर्व्हरसाठीच आहे आणि लोक आत असलेली खोली मध्येच मारायची नसते, हे त्याला कळतं. नेहमीच्या वेब सेवेची तैनाती इथे तशीच लावली तर नवी आवृत्ती चढवताना चालू वर्ग बंद पडतात.

सीपीयूचा भार पाहून आपोआप वाढणारी व्यवस्था प्रशिक्षणाला उशिरा पडते. गेममध्ये माणसं हळूहळू येतात. इथे नऊ वाजता चाळीस वर्ग एकदम दार उघडतात. वेळापत्रक आपल्याच डेटाबेसमध्ये आहे, तेच वापरा: दहा मिनिटं आधी लागतील तेवढ्या खोल्या आणि वर दहा टक्के तयार ठेवा.

खोली कोसळणार, हे धरूनच चला. दर ५ सेकंदांना स्थितीचं चित्र आणि मधल्या घटना रेडिसमध्ये (मेमरीत चालणाऱ्या जलद साठ्यात) लिहा. नवी प्रक्रिया तिथून उचलते. हेडसेट तुटलं तर त्याची जागा दोन मिनिटं राखून ठेवा. पुन्हा जोडणाऱ्याला आधी संपूर्ण चित्र, मग त्यापुढच्या घटना. उलट क्रमाने दिलं तर बंद झडप उघडी दिसते आणि हा दोष एरवीच्या चाचणीत सापडतच नाही.

धड्याची आवृत्ती तुकडीला बांधा. सोमवारी सुरू झालेल्या तुकडीचा गुरुवारचा वर्ग सोमवारच्याच आवृत्तीवर चालला पाहिजे, नाहीतर गुणांची तुलना निरर्थक ठरते.

क्लाउडमध्ये रेंडर करून व्हिडिओ हेडसेटवर पाठवण्याचा मोह होईल. प्रत्येक शिकणाऱ्यामागे जीपीयूचा एक हिस्सा अडकतो आणि नेटवर्कची प्रत्येक हिचकी थेट डोळ्यांत दिसते. मॉडेल खरंच हलकं करता येत नसेल, तरच.

६. मॉडेल, टेक्स्चर आणि वितरण

सीएडीमधलं (संगणकावरच्या अभियांत्रिकी आराखड्यातलं) मॉडेल जसंच्या तसं कधीच आणू नका. त्यात प्रत्येक बोल्टचे आटेही असतात. पाइपलाइन अशी: आतले न दिसणारे भाग काढणे, त्रिकोण कमी करणे, अंतरानुसार तीन पातळ्या बनवणे, मटेरियल एकत्र करणे, मग जीएलटीएफ २.० या थ्रीडी फाइल-स्वरूपात बाहेर काढणे. हाताळायचे भाग वेगळे आणि नावानिशी ठेवा; त्या नावांशीच सिम्युलेशनची तथ्यं जोडलेली असतात. थ्रीडी कलाकाराने नाव बदललं की बिल्ड तुटायला हवं, वर्ग नव्हे.

४०९६ × ४०९६ चं एक टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र) न दाबता ६४ मेबीबाइट घेतं. एएसटीसी या टेक्स्चर दाबण्याच्या पद्धतीच्या ६×६ ठोकळ्यांत तेच सुमारे ७ होतं. मेमरीच्या बहुतेक तक्रारी या एका सेटिंगपाशी संपतात.

वितरणाचा हिशेब आधी करा. १.२ जीबीचा धडा, ३० हेडसेट आणि १०० मेगाबिटची लाइन: ३६ जीबी उतरायला, सगळं सुरळीत चाललं तरी, ४८ मिनिटं. म्हणून केंद्रात एक छोटा कॅश सर्व्हर ठेवा, फाइलना त्यांच्या हॅशवरून (मजकुरातून निघणाऱ्या ओळख-संख्येवरून) नाव द्या आणि बदललेले तुकडेच पाठवा. सामायिक वस्तू, म्हणजे हात, हत्यारं, खोलीचा सांगाडा, वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. युनिटीत अ‍ॅड्रेसेबल्स हे करतं. पण दोन गठ्ठ्यांत तेच टेक्स्चर नकळत दुबार जातं, त्याचा विश्लेषण-अहवाल प्रत्येक बिल्डला काढा.

७. गुण आणि नोंदी

शिक्षण व्यवस्थापन प्रणालीशी बोलायला एक्सएपीआय हे शिकण्याच्या घटना नोंदवणारं मानक वापरा. स्कॉर्म हे जुनं मानक ब्राउझरमधल्या कोर्ससाठी आहे, हेडसेटमधल्या घटना त्यात कोंबाव्या लागतात. प्रत्येक विधानाचा (एक्सएपीआयच्या एका नोंदीचा) युनिक ओळख-क्रमांक हेडसेटवरच, घटना घडली त्या क्षणी तयार करा आणि आधी स्थानिक रांगेत लिहा. नेटवर्क परत आल्यावर तेच विधान दोनदा गेलं तरी क्रमांक तोच असल्याने दुबार मोजलं जात नाही. हेडसेटच्या घड्याळावर विसंबू नका. बरेच दिवस बंद राहिलेलं हेडसेट चुकीची वेळ दाखवतं. खोलीत शिरताना सर्व्हरशी फरक मोजा आणि नोंदीत तो लावा.

हालचालींची सलग नोंद या विधानांत घालू नका. वरच्या हिशेबाने सेकंदाला ६०० बाइट, अर्ध्या तासाला जेमतेम १.१ एमबी, ती स्वतंत्र फाइल म्हणून ठेवा आणि प्रशिक्षकाला पुन्हा पाहायला द्या. डोक्या-हातांच्या हालचालींवरून माणूस ओळखता येतो, त्यामुळे नाव काढलं तरी ही फाइल वैयक्तिकच समजा: किती दिवस ठेवणार ते लिहून ठेवा आणि मुदतीनंतर ती आपोआप पुसली जाऊ द्या. डोळ्यांच्या मागोव्याचा डेटा लागत नसेल तर मागूच नका.

८. प्रत्यक्ष वर्गात

व्हीआरमध्ये पासवर्ड टाइप करायला लावू नका. हेडसेटवर सहा अंकी कोड दाखवा, प्रशिक्षक तो टॅब्लेटवर नावासमोर टाकेल. पाच मिनिटांत कोड बाद. वाय-फायला लॉगिनचं पान असेल तर हेडसेट तिथेच अडकतं, म्हणून वेगळं नेटवर्क मागून घ्या. एकाच नेटवर्कवरची उपकरणं एकमेकांना दिसू न देणारी सेटिंग चालू असेल तर स्थानिक कॅश सापडत नाही. तक्रार मात्र ‘डाउनलोड हळू आहे’ अशी येते. माहिती थोडी आणि उपकरणं जास्त असल्याने ५ गिगाहर्ट्झवर रुंद चॅनेलपेक्षा अरुंद आणि वेगवेगळे चॅनेल चांगले चालतात. सिस्टिम अपडेट उपकरण-व्यवस्थापनातून रोखून ठेवा, आधी दोन हेडसेटवर चढवा, आठवडाभराने बाकीच्यांवर.

९. मोडून पाहणे

खोलीत खरी माणसं भरून भार तपासता येत नाही. भाग ७ मध्ये साठवलेल्या हालचाली बॉटना द्या आणि त्यांच्याकडून धडा चालवून घ्या. बॉट पकडतात, सोडतात, मध्येच तुटतात. नेटवर्कवर मुद्दाम १०० मिलिसेकंद उशीर, ३० ची चढउतार आणि २ टक्के पॅकेटहानी लावा.

फ्रेमवेळेची सरासरी पाहू नका, ९९ वा शतमक (९९ टक्के फ्रेम ज्याच्या आत बसतात तो आकडा) पाहा. सरासरी ११ मिलिसेकंद असूनही दर सेकंदाला एक फ्रेम ४० ची असेल तर त्रास होणारच. बहुतेक वेळा मूळ कचरा-संकलनात (न लागणारी मेमरी मोकळी करण्याच्या कामात) सापडतं: प्रत्येक फ्रेमला तयार होणाऱ्या छोट्या याद्या, जोडलेल्या स्ट्रिंग. वस्तू आधीच बनवून पुन्हा वापरा. आणि चाचणी पाच मिनिटांची नको. ४५ मिनिटं, चार्जर लावून, बंद खोलीत. हेडसेट तापलं की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि थंड असताना १२ मिलिसेकंदांत बसणारं दृश्य तिसाव्या मिनिटाला १६ वर जातं. त्या सोळाचे पुन्हा बारा होईपर्यंत सावल्या, पारदर्शक पृष्ठभाग आणि रिझोल्यूशन याच क्रमाने कमी करत जा.